एक नंबरच्या नोंदी

मी संशयी बाई आहे. माझ्यामागे लोक हे बोलतातच, म्हणून मीच आधी सांगून टाकते. आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. भाजीवाल्याने टोमॅटो स्वतः निवडून दिले तर मी पिशवी तिथेच ओतून बघते. दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट चांगला आला तर बाटली माझीच होती ना, असं विचारते. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वीसेक वर्षं प्रोग्रामिंग शिकवते आहे, आणि आमच्या धंद्यात संशय हा गुणच असतो अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

माझं संशोधनही त्याच मातीतलं. प्रॅक्टिकलचे प्रोग्राम मुलं एकमेकांचे उतरवतात, हे सगळ्याच मास्तरांना माहीत असतं. मी त्यावर एक सॉफ्टवेअर लिहिलं. मूल संगणकावर टाइप करत असताना कुठे थांबतं, कुठे खोडतं, कुठून एकदम वीस ओळी आणून चिकटवतं, हे सगळं ते गुपचूप टिपायचं आणि शेवटी नावापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा ठिपका दाखवायचं. लाल म्हणजे उतरवलेलं. या सॉफ्टवेअरवर मी निबंध लिहिले, शिक्षणाविषयीच्या परिषदांत वाचले, टाळ्याही घेतल्या. "आज मॅडम चालू हाय काय बे?" असं एक मुलगा जिन्यात दुसऱ्याला विचारताना मी एकदा ऐकलं. सॉफ्टवेअरला मुलं 'मॅडम' म्हणत होती. मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

अशा माझ्या हाताखाली एम.टेक.साठी ती आली. तिशीतली बाई, वडनेर भोलजीची, घरी वांगी-मिरच्यांची शेती. सासरचीच माणसं शेतात राबायची आणि ही एका पॉलिटेक्निकमध्ये तासिका तत्त्वावर शिकवायला जायची. पहिल्याच दिवशी, खुर्चीच्या अगदी कडेला बसून, तिने मला सांगितलं, "मॅडम, या वर्षी एम.टेक. झालं नाई तं पुढच्या वर्षी मले तास भेटनार नाई. तसं लिहूनच दिलं हाय त्यायनं."

मी "बघू" म्हटलं. मनात मात्र एक खूण करून ठेवली. घाईत असलेलं माणूस आकडे जुळवून आणतं, हा माझा अनुभव होता. म्हणजे तिने काम सुरू करण्याच्या आधीच मी तिच्या नावापुढे पिवळा ठिपका ठेवून दिला होता.

विषय तिनेच आणला होता, आणि चांगला होता. आमच्याकडे कापूस जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर येतो तेव्हा तिथला ग्रेडर गाडीपाशी उभा राहतो. कोपरापर्यंत हात कापसात घालतो, आतून मूठभर काढतो, दोन बोटांत ताणून बघतो आणि सांगतो, एक नंबर, दोन नंबर की तीन. पानांचा चुरा किती, किडका पिवळा कापूस किती, ओल किती, हे सगळं त्या एका आकड्यात येतं. मग त्या त्या नंबरच्या ढिगावर गाडी रिकामी होते. तिला हे काम कॅमेऱ्याकडून करून घ्यायचं होतं. ग्रेडरने काढलेल्या मुठीचा फोटो घ्यायचा, तो काय नंबर सांगतो ते फोटोपुढे लिहायचं, आणि असे भरपूर फोटो सॉफ्टवेअरला दाखवून त्याला शिकवायचं. पुढे पट्ट्यावरून जाणारा कापूस यंत्राने आपणच वेगळा करावा, अशी कल्पना.

मी कॅमेरा लावायला तिला एक उंच स्टँड दिला, मूठ ठेवायला काळी फळी करून घ्यायला सांगितलं, आणि एक नियम घालून दिला. फोटोच्या कडा कापून टाकायच्या. माणसांचे हात, गाडीचं चाक, जमीन, काही नको. चौकटीत कापसाशिवाय काही दिसता कामा नये. कापलेले फोटो ठेव, मूळचे काढून टाक, आपल्या संगणकात तेवढी जागा नाही. यावर ती "हो मॅडम" म्हणाली होती. मी जे म्हणेन त्यावर ती "हो मॅडम"च म्हणायची, आणि तेही मला संशयास्पद वाटायचं.

मोताळ्याकडच्या एका जिनिंगच्या मालकांनी परवानगी दिली. दिवाळीच्या सुट्टीत ती आठ दिवस तिथे गेली. वडनेरहून नांदुरा, तिथून पुढे मोताळा, दोन एसट्या बदलून. पिशवीत लॅपटॉप, हातात स्टँड. सुट्टी संपल्यावर फोटो आणि नोंदींची फाइल माझ्या संगणकावर टाकली आणि पुढचे तीन महिने ती सॉफ्टवेअर लिहीत बसली. ते तिने मन लावून लिहिलं होतं, हे मला कबूल करावंच लागेल. मी रांगेने सगळं तपासलं. कुठून उचललेलं सापडलं नाही. थोडी निराशाच झाली.

उन्हाळा लागता लागता निकाल हातात आले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. यंत्र बरळत होतं. काळ्या फळीवर सरळ सरळ कचरा दिसतोय, पानांचा चुरा मिरीसारखा पसरलाय, कापूस पिवळा पडलाय, आणि यंत्र म्हणतंय एक नंबर. मी तिला काही न बोलता नोंदींची फाइल उघडली. शेवटच्या तीन दिवसांत एक, दोन, तीन, दोन, असे आकडे होते. पण पहिले पाच दिवस वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. एक. एक. एक. पान संपलं तरी एक.

माझ्या हिशेबात याचा अर्थ सरळ होता. प्रत्यक्ष मोजणारा माणूस इतका एकसुरी लिहीत नाही. घरी बसून भरणारा कंटाळतो आणि एकच आकडा खाली ओढत नेतो. फोटो कुठल्यातरी एका दुपारी काढून आणले असतील, पाच दिवसांत वाटून टाकले असतील, वर नंबर टाकून दिला असेल. लाल ठिपका.

मी तिला बोलावलं आणि विचारलं, "तू पहिले पाच दिवस तिथे गेली होतीस?"

"हो मॅडम. रोज."

"त्याला काही पुरावा?"

आता लिहिताना मला या प्रश्नाची लाज वाटते. तेव्हा तो मला अगदी रास्त वाटला होता. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "तिकिटं ठेवली हायत मॅडम."

दुसऱ्या दिवशी तिने एक प्लॅस्टिकची पिशवी आणून टेबलावर रिकामी केली. एसटीची तिकिटं, घडी घालून, एकात एक खोचून ठेवलेली. मी एक उलगडलं. कोरं. दुसरं उलगडलं. तेही कोरं. यंत्रातून निघणाऱ्या त्या तिकिटांची शाई चार महिन्यांत उडून गेली होती. मी ती खिडकीशी नेऊन उन्हात धरली, तिरकी करून बघितली. एका तिकिटावर कुठेतरी आकड्याची पुसट सावली होती, बस्स.

"गर्मीनं उडलं वाटते मॅडम," ती म्हणाली.

कोणती बाई चार महिने बसची तिकिटं जपून ठेवते? असा प्रश्न मला पडला आणि त्याचं उत्तरही मीच दिलं: जिला पुढे पुरावा लागणार हे आधीच माहीत आहे ती. प्रबंध द्यायला तेव्हा बारा दिवस उरले होते. तिचं काम मी तसंच अडवून ठेवलं, आणि तिला न सांगता मोताळ्याला जायचं ठरवलं.

माझं माहेर खामगावचं. लहानपणापासून कापसाच्या गाड्या दारावरून जाताना बघितल्या. पण वडील पोस्टात, घरात कापूस फक्त वातीपुरता. जिनिंगच्या आत मी पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा पाय ठेवला, तोही हेर म्हणून. ग्रेडरच लबाड असेल तर, ही एक शक्यता मी धरून ठेवली होती, म्हणून जाताना तयारीने गेले. आमच्या विभागातल्या एका सरांच्या शेतातला कापूस मागून घेतला आणि वर्तमानपत्राच्या कागदात तीन पुड्या बांधल्या. पहिली आणि तिसरी एकाच गठ्ठ्यातली. बघू या म्हटलं, एकाच कापसाला दोन वेळा काय सांगतो.

त्या दिवशी मोताळ्याचा बाजार होता. बसस्टँडपासून जिनिंगच्या फाटकापर्यंत कांदे, चपला आणि माणसांतून वाट काढत गेले. ग्रेडर साठीच्या पुढचे होते. उजव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडलेली, डाव्या हाताची मनगटाशी बटण लावलेली. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू. मी कोण ते सांगितलं नाही. घरचा कापूस आहे, जरा बघा, एवढंच म्हटलं.

पहिल्या पुडीतला पुंजका त्यांनी ताणला. "दोन नंबर. पत्ती हाय यात." दुसरीला म्हणाले, "हा एक." तिसरी उघडली, पुंजका हातात घेतला, ताणलाच नाही. माझ्याकडे बघितलं.

"बाई, हे अन् ते पयली पुडी एकाच ढिगातली हाय. माही परीक्षा घेऊन राह्यल्या काय?"

मी "नाही हो, चुकून झालं असेल" म्हटलं. म्हणजे सगळ्या दिवसात पहिलं खोटं मीच बोलले. मग सावरून मी कॉलेजचं नाव सांगितलं आणि विचारलं, की आमची एक मुलगी दिवाळीत इथे यायची का.

"यायची ना. चांगली पोरगी हाय. रोज ते फोटोची पेटी घिऊन यायची. शेगावचा प्रसाद आनला होता तिनं माह्यासाठी."

त्या प्रसादातही मला लाच दिसली. दोघांचं आधीच ठरलेलं असणार, कोणी विचारायला आलं तर 'यायची' म्हणायचं. मी शेवटचा खडा टाकून पाहिला. "खराब कापूस कधी एक नंबरात घालता का तुम्ही? ओळखीपाळखीत, चुकून?"

म्हातारा ताठ झाला. "खराब माल एक नंबराच्या ढिगात? माह्या हातून? बाई, उभी जिंदगी या काट्यापाशी गेली. कधीच नाई."

परतीच्या बसमध्ये मी खूश होते. हे लिहायला जड जातंय, पण होते. ग्रेडर पारखी आहे हे मी स्वतः तपासलं होतं, खराब माल एक नंबरात तो कधीच घालत नाही हे त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, आणि इकडे फाइलमध्ये पाच दिवस खराब मालापुढे एक नंबर लिहिलेला होता. तेव्हा लिहिणारीनेच लबाडी केली, दुसरं काय? पुरावा पक्का झाल्याचा तो आनंद मला चांगला ओळखीचा आहे. लाल ठिपका उमटला की व्हायचा तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला समोर बसवलं. माझ्या खोलीत तेव्हा आणखी दोन प्राध्यापक होते. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानामागे मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र असतं, हे काम विद्यार्थ्याने स्वतः केलं असून त्यातली माहिती खरी आहे, असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्याखाली सही झाल्याशिवाय प्रबंध घेतला जात नाही. मी तिला म्हटलं, की त्या कागदावर माझी सही मिळणार नाही. पहिल्या पाच दिवसांच्या नोंदी तू घरी बसून भरल्या आहेस.

तिचा चेहरा उतरला, पण रडली नाही. "मॅडम, मी तितं होती. काकानं जे सांगतलं ते मी लिहिलं."

"काल मी त्यांना भेटून आले. ते म्हणतात, कधीच नाही."

"तुम्ही मोताळ्याले गेल्या होत्या?" एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "ते एक नंबरच म्हनत होते मॅडम. प्रत्येक गाडीले. मले काय समजते कापसातलं? आमच्या घरी वांगे-मिरच्या."

"मग ते खोटं बोलतायत की तू?"

ती उठली, पर्स उचलली आणि गेली. दोन प्राध्यापकांपैकी एक जण जरा वेळाने म्हणाला, "जास्तच झालं, मॅडम." मी त्याला विचारलं, तुमच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तुम्ही शेवटच्या कधी तपासल्या होत्या.

ती त्याच दुपारी मोताळ्याला गेली होती, हे मला नंतर कळलं. दोन दिवसांनी ती आली आणि या वेळी खुर्चीच्या कडेला बसली नाही, नीट टेकून बसली. पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"मॅडम, ते मुहूर्ताचे दिवस होते," ती म्हणाली.

मला काही बोध होईना. तेव्हा तिने, ग्रेडरकाकांनी तिला समजावलं होतं तसं, मला समजावून सांगितलं. हंगामाच्या पहिल्या दिवशी जिनिंगवर वजनकाट्याची पूजा होते. नारळ फुटतो, पहिली गाडी आणणाऱ्याला टोपी-उपरणं मिळतं. त्या दिवसापासून हंगामातली रुईची पहिली गाठ बांधून होईपर्यंत तो ग्रेडर तोंडाने दुसरा आकडा काढत नाही. येईल ती गाडी एक नंबर. नव्या पिकाला, तेही काट्याच्या पूजेवर, तोंडाने खराब म्हणायचं नसतं, हे त्याच्या उस्तादाने त्याला शिकवलेलं. मोठ्याने "एक नंबर!" असं म्हणायचं आणि गाडी कुठल्या ढिगावर रिकामी करायची ते डाव्या हाताने दाखवायचं. शेडकडे हात केला तर एक, लिंबाकडे केला तर दोन, भिंतीकडे केला तर तीन. गाडीवाल्याला ते माहीत असतं, हमालांना माहीत असतं, काट्यावरच्या माणसाला माहीत असतं. भाव ढिगाप्रमाणे मिळतो.

"काका म्हने, कोनाले बी माहीत असते हे. तू इचारलंच नाई, मले वाटलं तुले ठाव असन." मग स्वतःचं म्हणाली, "मले माहीत नव्हतं मॅडम. मी त्याच्या तोंडाकडं पाहून लिहीत गेली."

माझी पहिली प्रतिक्रिया काय होती ते सांगते. मी मनात म्हटलं, गोष्ट छान रचली आहे. दोन दिवस लागले, पण छान रचली. आणि तसं मी बोललेही: "हे सगळं मी कशावरून खरं मानू?"

तिने पेन ड्राइव्ह माझ्या संगणकाला लावला. फोटो उघडले. न कापलेले, मूळचे, पुरे फोटो. स्टँड उंच होता, त्यामुळे चौकटीत बरंच काही आलं होतं: काळी फळी, तिच्यावर कापसाची मूठ, गाडीच्या चाकाचा तुकडा, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या एका कडेला पांढऱ्या बाहीतला एक हात. मनगटाशी बटण लावलेला, म्हणजे काकांचा डावा. या फोटोत वर, शेडकडे. पुढच्यात उजवीकडे, लिंबाकडे. त्याच्या पुढच्यात, जिथे कापूस पिवळा आणि चुऱ्याने भरलेला होता, तिथे खाली, भिंतीकडे. ती एक एक फोटो पुढे करत गेली. मी बघत गेले. कापूस जसा बदलत होता तसा हात बदलत होता.

म्हाताऱ्याने दिलेलं उत्तर खरं होतं आणि तिने लिहिलेली नोंदही. खरा नंबर प्रत्येक फोटोत होता, आणि तो मी कापायला लावला होता. माणसांचे हात नकोत म्हणाले होते मी. माझी मान आपोआप खाली गेली.

"मूळचे फोटो काढून टाक म्हणून मी सांगितलं होतं ना?" मी शेवटी विचारलं.

"हो मॅडम. नाई काढले. तुम्ही कधी काय मागसान, काय भरोसा? म्हनून मी समदंच ठेवते." हे ती टोमणा म्हणून बोलली नाही. तिच्या आवाजात फक्त थकवा होता.

मी माफी मागितली. मागितली म्हणजे "माझा जरा गैरसमज झाला" असं म्हटलं, आणि तेही ते दोन प्राध्यापक खोलीत नसताना. मग आम्ही कामाला लागलो. पुढचे चार दिवस ती पॉलिटेक्निकचे तास संपवून यायची आणि आम्ही दोघी शेजारी शेजारी बसून पाच दिवसांच्या नोंदी पुन्हा लिहायचो. ती फोटो पुढे करायची, मी हात बघून नंबर सांगायचे, ती लिहायची. काही फोटोंत हात चौकटीबाहेर होता. ते आम्ही सोडून दिले. ती डब्यात मिरच्यांचा ठेचा आणि भाकरी आणायची, मला अर्धी भाकरी द्यायची. त्या चार दिवसांत आमचं जितकं बोलणं झालं तितकं आधीच्या वर्षभरात झालं नव्हतं. तिची मुलगी चौथीत होती. पॉलिटेक्निकमधल्या तिच्या तासांवर घरात एकट्या सासूचा भरवसा होता; बाकी सगळे म्हणत, बाई घरी बस.

नव्या नोंदींवर शिकवल्यावर यंत्र शहाण्यासारखं बोलू लागलं. चुका करत होतं, पण त्या चुकाही समजण्याजोग्या होत्या, एक आणि दोनच्या सीमेवरच्या. मला वाटलं, चला, सगळं रुळावर आलं. एक गोष्ट मात्र मनात टोचत होती. यंत्र इतके दिवस चुकीचं का शिकत होतं, याचं कारण प्रबंधात लिहावं लागणार होतं. परीक्षक जुने निकाल मागू शकतात, लपवून चालत नाही. आणि कारण लिहायचं म्हणजे कडा कापायला कोणी लावल्या हे लिहायचं. ते वाचणारे परीक्षक मला ओळखणारे होते. दुसऱ्यांच्या नोंदींत चुका शोधणारी बाई, हीच त्यांच्यातली माझी ओळख होती.

ते कारण ती कसं लिहिणार, हे मी तिला विचारलं नाही. तिनेही दाखवलं नाही.

शेवटच्या दिवशी ती दुपारी साडेतीनला आली. पानं छापलेली, अजून बांधायची होती. आधी सही, मग रस्त्यापलीकडच्या दुकानात बाइंडिंग, आणि पाचच्या आत ऑफिसात. मी सवयीप्रमाणे पान न पान चाळू लागले. ती उभीच होती. तिसऱ्या प्रकरणात मुहूर्ताचा सगळा प्रकार तिने सरळ, स्वच्छ लिहिला होता. ग्रेडरकाकांच्या उस्तादाचाही उल्लेख होता. आणि त्याखाली एक वाक्य होतं, इंग्रजीत, त्याचा अर्थ असा: छायाचित्रांच्या कडा कापण्याचा निर्णय संशोधक विद्यार्थिनीचा होता आणि तो चुकीचा ठरला.

मी ते दोनदा वाचलं.

"हे असं का लिहिलंस? कापायला तर मी सांगितलं होतं."

"हो मॅडम."

"मग?"

तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचं नाव लिहिलं असतं तं तुम्ही सही केली असती काय?"

"केली असती," मी म्हटलं. लगेच म्हटलं.

ती बघत राहिली, शांतपणे, माझ्या चेहऱ्यावर काहीतरी तपासत असल्यासारखी. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता हे मला दिसत होतं. तिचं बरोबर आहे हेही मला कळत होतं.

पाच वाजायला अजून सव्वा तास होता. ते एक पान बदलून, छापून आणायला दहा मिनिटं लागली असती. प्रिंटर माझ्याच खोलीत होता. मी प्रमाणपत्राचं पान पुढे ओढलं. या प्रबंधातली सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे, असं त्यावर लिहिलेलं होतं. त्या सबंध प्रबंधात एकच वाक्य खोटं होतं, आणि ते कुठल्या पानावर आहे हे मला पाठ होतं. मी पेन उघडलं, सही केली, खाली तारीख घातली आणि पानं तिच्याकडे सरकवली.

"थँक यू मॅडम," ती म्हणाली, आणि पानं छातीशी धरून बाइंडिंगच्या दुकानाकडे धावत गेली.